पेशीतला ‘आणि’

‘आणि’ हा शब्द नुसता जोडतो. पेशीत तेच काम ग्रब-टू हे 217 अमिनो आम्लांचे प्रथिन करते. पेशीच्या आवरणावरील ग्राहीवर फॉस्फेटची खूण उमटली, की एका हाताने ते ती खूण धरते. दुसऱ्या हाती ‘सॉस’ असतेच. सॉस ‘रास’ला जागे करते आणि वाढीचा निरोप आत जातो. खूण पुसली, की हात सुटतो.

माझ्या खालाच्या मुलाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झाला. त्यात बीसीआर-एबल हे बिघडलेले प्रथिन स्वतःवरच खुणा उमटवत राहते. ग्रब-टू बिचारे इमानाने धरते. निरोप थांबतच नाही! अमेरिकेत 2001 साली मान्यता मिळालेले इमॅटिनिब या खुणाच रोखते. भाऊ ती गोळी रोज जेवणासोबत घेतो. रमजानात डॉक्टरांना विचारून, इफ्तारनंतर.