आंतरराष्ट्रीय शाळेची निवड

मुलगा अथवा मुलगी माध्यमिक वर्गात जाण्याच्या वयास आली म्हणजे 'कोणती शाळा?' हा प्रश्न घरोघर उभा राहतो. अलीकडे शहरोशहरी ज्यांच्या कमानीवर 'इंटरनॅशनल' हा शब्द झळकतो अशा शाळा पुष्कळ निघाल्या असल्यामुळे तर तो अधिकच बिकट झाला आहे. सोळाव्या वर्षी निवडलेले विषय अठराव्या वर्षी कोणते दार उघडणार आणि कोणते मिटणार हे बहुतांशी ठरवीत असतात. यास्तव पालकांनी व विद्यार्थ्यांनी या शिक्षणाचे स्वरूप आधीच नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम या शाळांचे मूळ पाहू. इ. स. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय मजूर कचेरी यांतील अधिकाऱ्यांच्या मुलांकरिता एक आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. आईबापांची बदली झाली की मुलांचा देश, भाषा व अभ्यासक्रम ही तिन्ही बदलत, व त्यामुळे त्यांचे फार नुकसान होई. नाना देशांच्या विद्यापीठांना मान्य होईल अशी एकच परीक्षा असावी, या विचारातून पुढे १९६८ साली जिनिव्हा येथेच इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही संस्था स्थापन झाली. आपल्या देशात कोडाईकनाल येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी १९०१ साली काढलेल्या शाळेने १९७६ साली या संस्थेचा डिप्लोमा अभ्यासक्रम प्रथम स्वीकारला. सारांश, ज्या कुटुंबांस देशोदेशी फिरावे लागते त्यांच्या गरजेतून हे शिक्षण जन्मास आले. आपले कुटुंब तसे आहे काय, किंवा आपल्या मुलास पुढे परदेशी शिकावयाचे आहे काय, हा पहिला प्रश्न प्रत्येक पालकाने आपल्याशीच विचारावा.

दुसरी गोष्ट नावाची. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण येथे स्मरणात ठेवावी. नावात 'इंटरनॅशनल' असूनही केंद्रीय मंडळाचा अथवा आपल्या राज्याचाच अभ्यासक्रम शिकविणाऱ्या शाळा आहेत. ते अभ्यासक्रम मुळीच कमी प्रतीचे नव्हेत. पण अधिक फी कशासाठी द्यावयाची हे ठाऊक असावे. म्हणून इमारत व क्रीडांगण पाहण्यापूर्वी 'शेवटची परीक्षा कोणाची?' असे स्पष्ट विचारावे. बॅकॅलॉरिएट संस्था शाळेची तपासणी करून मान्यता देते, व ही मान्यता प्रत्येक अभ्यासक्रमास निरनिराळी असते. प्राथमिक वर्गांस मान्यता आहे म्हणून डिप्लोम्यासही ती असेलच असे नाही. कित्येक शाळा केवळ 'उमेदवार' असतात, म्हणजे त्यांस मान्यता मिळावयाची असते. मान्य शाळांची नावे संस्थेच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतात.

आपल्याकडे मुख्यतः दोन मार्ग आढळतात. बॅकॅलॉरिएटचा डिप्लोमा दोन वर्षांचा असून त्यात सहा विषय घ्यावे लागतात. प्रत्येक विषयास अधिकांत अधिक ७ गुण, शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक शोधनिबंध व ज्ञानमीमांसा यांचे मिळून ३, असे एकूण ४५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास निदान २४ लागतात. कला, व्यायाम व समाजसेवा हीही यात आवश्यक असतात. दुसरा मार्ग केंब्रिजचा. त्यात दहावीच्या तोडीची आय. जी. सी. एस. ई. ही परीक्षा असून तिचा आरंभ १९८८ मध्ये झाला. तीनंतर ए लेव्हल येते, व तीत बहुधा तीन-चार विषयच घेऊन त्यांचा खोल अभ्यास करावयाचा असतो. ज्यास अनेक विषयांची गोडी व लिहिण्याची हौस आहे त्यास पहिला मार्ग मानवेल. ज्याचे मन दोन-तीन विषयांतच रमते त्यास दुसरा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परदेशी जाण्याचा बेत फिरला तर परतीची वाट मोकळी आहे काय? या परीक्षांस भारतीय विद्यापीठ संघ बारावीशी समकक्षता देतो. मात्र ती विषय व गुण यांच्या अटींवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. डिप्लोम्याच्या नेहमीच्या रचनेत यांपैकी दोनच शास्त्रे बसतात. तिसरे घ्यावयाचे तर शाळेमार्फत आधीच विशेष परवानगी मिळवावी लागते. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीस हे उशिरा कळले तर तिची बुद्धी व श्रम असूनही दार बंद आढळेल. तसेच मे महिन्यातील डिप्लोमा परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभी लागतो. तोवर येथील कित्येक महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झालेले असतात. आपल्या मागील विद्यार्थ्यांनी येथे प्रवेश कसे मिळविले, हे शाळेस अवश्य विचारावे.

खर्चाविषयी 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हेच खरे. वार्षिक फीखेरीज परीक्षा-शुल्क, सहली, पुस्तके व वाहन यांचा हिशेब अखेरच्या वर्षापर्यंत मांडावा. दहावीनंतर मार्ग बदलणे शक्य असते. पण अकरावीच्या मध्यावर पैसा अपुरा पडून मुलास काढावे लागले तर त्याचे वर्ष वाया जाण्याचे भय असते. ऐपत नाही म्हणून गुणी मुलांनी मात्र निराश होऊ नये. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून चालू असलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजात निवड झालेल्यांस कुटुंबाच्या गरजेप्रमाणे साहाय्य मिळू शकते.

शाळा पाहावयास जाल तेव्हा शिक्षकांची चौकशी करा. गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, नव्यांस या अभ्यासक्रमाचे शिक्षण मिळाले आहे काय, हे कळल्यास शाळेची खरी पारख होते.

शेवटी मातृभाषेविषयी. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली आहे. ती केवळ वेळापत्रकापुरती आहे की तिला स्वतंत्र शिक्षक व पुस्तके आहेत, हे पाहावे. शाळेत शिकविली न जाणारी आपली भाषा घेऊन तिच्या साहित्याचा शाळेच्या साहाय्याने स्वतः अभ्यास करण्याची सोय डिप्लोम्यातही आहे. आजीचे पत्र ज्यास वाचता येत नाही, त्यास जगाच्या दहा भाषा आल्या तरी घरातील एक माणूस दुरावलेच.

विद्यार्थिमित्रहो, हा विचार केवळ वडील मंडळींवर सोपवू नका. आपणास काय आवडते, कोणता विषय जड जातो, हे घरी मोकळेपणे सांगा; कारण शाळा कोणीही निवडली तरी अभ्यास तुम्हासच करावयाचा आहे. आणि पालकांनीही शेजाऱ्याचा मुलगा कोठे जातो हे पाहण्याऐवजी आपल्या मुलास कोठे जावयाचे आहे हे प्रथम पाहावे. तेवढे ठरले म्हणजे योग्य शाळा ओळखणे अवघड जाणार नाही.