पिच्चमूर्ती, न.
पिच्चमूर्ती, न. : (१५ ऑगस्ट १९००–४ डिसेंबर १९७६). आधुनिक तमिळ कवी आणि कथाकार. तमिळमधील मुक्तच्छंदाचे एक प्रमुख प्रवर्तक. जन्म कुंभकोणम् (तमिळनाडू) येथे. काही वर्षे वकिली केल्यानंतर त्यांनी हिंदू धर्मादाय खात्यात मंदिरांचे अधिकारी म्हणून काम केले. ‘भिक्षू’ या टोपणनावानेही त्यांनी लेखन केले.

तमिळ पद्यरचनेचे शास्त्र अत्यंत प्राचीन असून तोल्काप्पियम् या व्याकरणग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन आढळते. असै (अक्षरगट), सीर (गण) आणि अडी (चरण) हे त्याचे मुख्य घटक होत. मराठीत यमक सामान्यतः चरणान्ती येते. तमिळमध्ये मात्र चरणारंभीच्या अक्षरांचा मेळ (मोनै) आणि चरणांतील द्वितीयाक्षरांचा मेळ (एदुगै) यांना महत्त्व आहे. हे बंधन नसलेली रचना ही कविताच नव्हे, अशी पंडितांची धारणा होती. सुब्रह्मण्य भारती (१८८२–१९२१) यांनी गद्यप्राय कविता लिहिल्या. तथापि त्यांच्या पश्चात काही काळ त्यांच्याकडे गद्य म्हणूनच पाहिले गेले.

भारतींच्या या रचना आणि वॉल्ट व्हिटमनचा लीव्ह्ज ऑफ ग्रास हा संग्रह यांपासून पिच्चमूर्तींना प्रेरणा मिळाली. १९३४ मध्ये मणिक्कोडि या नियतकालिकात त्यांची ‘कादल’ (प्रेम) ही मुक्तच्छंदातील कविता प्रसिद्ध झाली. त्यांचे मित्र कु. प. राजगोपालन (१९०२–४४) यांनीही अशीच रचना केली. या रचनांना ‘वसनकविदै’ (गद्यकविता) म्हटले जाई आणि त्यांवर कठोर टीकाही झाली.

पुढे दीर्घकाळ त्यांचे काव्यलेखन थांबले. चि. सु. चेल्लप्पा यांनी १९५९ मध्ये एळुत्तु हे मासिक सुरू केल्यावर ते पुन्हा कवितेकडे वळले. ‘पेट्टिक्कडै नारणन्’ या कवितेत एका लहानशा दुकानदाराच्या तोंडून त्यांनी बाजारी व्यवहाराचा उपरोध साधला आहे. काट्टु वात्तु (१९६२, रानबदक) आणि वळित्तुणै (१९६४, वाटेचा सोबती) ही त्यांची उल्लेखनीय काव्यपुस्तके होत. चेल्लप्पांनी संपादिलेल्या पुदुक्कुरल्गळ् (१९६२, नवे स्वर) या संकलनात चोवीस कवींच्या रचना असून त्यामुळे ‘पुदुक्कविदै’ (नवकविता) या प्रवाहास निश्चित रूप आले.

पिच्चमूर्तींच्या कवितेत निसर्गप्रतिमा, वेदान्ती चिंतन आणि बोलण्याची लय यांचा संयोग दिसतो. पारंपरिक छंदांची लय त्यांनी सर्वस्वी टाकली नाही. अर्थाच्या गरजेनुसार ती सैल केली. नंतरच्या पिढीतील अनेक कवींची दृष्टी अधिक सामाजिक वा अधिक संशयवादी होती आणि पिच्चमूर्तींचा आध्यात्मिक सूर त्यांनी स्वीकारला नाही. परंतु छंदोबंधनावाचूनही तमिळ कविता उभी राहू शकते, ही त्यांना गृहीत धरता आलेली गोष्ट सिद्ध करण्यात पिच्चमूर्तींचा वाटा मोठा होता.