जुन्या मोटारीस नवे स्पीकर

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील जुन्या घरांच्या आवारांत एखादी वयोवृद्ध मोटार अद्याप जपून ठेवलेली आढळते. बहुधा ती कुर्ल्याच्या कारखान्यांतील प्रीमियर पद्मिनी असते. क्वचित् कल्याणच्या कारखान्यांत १९९० नंतरच्या दशकांत तयार झालेली प्यूजो ३०९ असते. घरच्या मंडळींचें तिजवर फार प्रेम. परंतु तिचे स्पीकर फाटलेले असल्यामुळें गाणें लावावें तर गायकास पडसें झाल्याचा भास होतो. मग मालक बाजारांत जातो आणि ज्या खोक्यावर सर्वांत मोठे आंकडे छापलेले असतील तें उचलून आणतो. आम्हींहि एकदां हेंच केलें.

परिणाम असा झाला कीं, आमच्या पद्मिनीच्या दारांत स्पीकर बसविण्याकरितां कारागिरानें पत्रा कापला, आणि काच खालीं करूं लागतांच ती स्पीकरच्या लोहचुंबकावर अडकली. ऐन मे महिन्यांत अर्ध्या उघडलेल्या काचेनें आम्ही ठाण्याहून कल्याणास गेलों. काचेचें दुःख लवकर विसरलें. पत्र्याचें मात्र विसरलें नाहीं. ही गाडी तयार होणें बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तिचें नवें दार मागावें कोणाकडे? शिवाय कापलेल्या कडेस आमच्या पावसाळ्यांत गंज धरावयास किती वेळ लागतो, हें येथील वाचकांस सांगावयास नको.

म्हणून पहिलें काम मोजपट्टीचें. छिद्राचा व्यास, आंतील खोली आणि पूर्ण खालीं आणलेल्या काचेपर्यंतचें अंतर, हीं तिन्ही मापें कागदावर टिपून मगच दुकानांत जावें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलें तरी हा कागद खिशांत पाहिजेच.

आतां त्या छापील आंकड्यांविषयीं. स्पीकरमध्यें तारेचें एक लहान वेटोळें चुंबकाच्या फटींत लोंबत असतें. त्यांतून वीज वाहिली कीं तें मागेंपुढें हलतें व त्यास चिकटविलेला कागदी शंकु हवा हलवितो. अमेरिकेतील राइस व केलॉग यांनीं १९२५ सालीं ह्या रचनेस जें रूप दिलें, तेंच थोड्या फरकानें आज चालूं आहे. मोटारीच्या स्पीकरचा विरोध साधारणतः ४ ओहम असतो. इंजिन चालूं असतां विजेचा दाब सुमारें १४ व्होल्ट. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें: १४ हें लहरीचें शिखर धरून त्यास १.४१ नें भागलें कीं सुमारें १० येतात; दहाचा वर्ग १००; त्यास ४ नें भागलें कीं २५ वॅट. प्रत्यक्षांत त्याहूनहि कमी, वीसच्या आसपास. मग वेगळा शक्तिवर्धक नसलेल्या रेडिओवर ‘५० वॅट’ आणि स्पीकरवर ‘३०० वॅट’ हे आंकडे कोठून आले? ते क्षणभराच्या शिखराचे असतात. त्यांस भुलूं नये.

खरा उपयोगी आंकडा बारीक अक्षरांत असतो. एक वॅट वीज दिली असतां एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आंकडा. तीन डेसिबलांचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक. अर्थात् ९२ डेसिबलचा स्पीकर ५ वॅटांत जें करील, तें करण्यास ८६ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट लागतील. जुन्या गाडीस पहिलाच योग्य.

शंकूच्या कडेची पट्टी रबराची घ्यावी. फोमची पट्टी दमट हवेंत कांहीं वर्षांनीं भुगा होऊन गळते. दारांत पावसाचें पाणी काचेवरून आंत उतरतेंच, म्हणून स्पीकरवर प्लॅस्टिकची लहानशी पागोळी करावी, आणि दाराच्या तळाचीं पाणी जाण्याचीं भोकें कदापि बुजवूं नयेत.

तारांविषयीं एक इशारा. जुन्या रेडिओंत पुष्कळदां दोन्ही स्पीकरांची परतीची तार एकच असे, किंवा ती गाडीच्या पत्र्यासच जोडलेली असे. आजच्या रेडिओस तसें केल्यास तो जळण्याचा संभव असतो. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा ओढाव्या. जोडण्यापूर्वीं दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचें धन टोंक स्पीकरच्या धन टोंकास लागतांच शंकु बाहेर सरकला पाहिजे. डावा बाहेर व उजवा आंत अशी जोडणी झाली, तर तबल्याचा बायां नाहींसा होतो आणि दोष मात्र विक्रेत्यास दिला जातो!

आवाज किती मोठा ठेवावा हा प्रश्न घरोघरीं वादाचा आहे. आमचें मत असें कीं, मागील गाडीचा भोंगा ऐकूं आला पाहिजे. आणि शाळा व रुग्णालयें यांच्याभोंवतीं जेथें शांतता क्षेत्र जाहीर झालेलें असेल, तेथें रेडिओ बंदच करावा.

आमच्या दाराचें भोंक शेवटीं पत्र्याची चकती लावून, वर रंग देऊन बुजविलें. स्पीकर मागच्या काचेखालील फळीवर गेले. मूळची फळी काढून माळ्यावर ठेवली आणि तिच्याच मापाची प्लायवूडची दुसरी करून तीस भोकें पाडलीं. मागील सामानाची पेटी आतां आयतीच स्पीकरची पेटी झाली आहे, आणि काचा चारी पूर्ण उघडतात.