मर रोगाच्या बुरशीची कारागिरी

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावरून तापी दिसते. शिवारात केळीच केळी. उभी केळ वाळवणारा मर रोग फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीमुळे होतो. याच जातीची बुरशी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अबसार अहमद, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी कामाला लावली. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ती सोडली आणि द्रावण तपकिरी झालं. तिने बाहेर टाकलेल्या विकरांनी ५ ते १५ नॅनोमीटरचे चांदीचे कण घडवले होते. प्रथिनांचा लेप त्यांना एकमेकांना चिकटू देत नव्हता. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं.

धातू उत्प्रेरक म्हणून वापरायचा तर त्याला असंच सुट्या, बारीक कणांचं रूप हवं, कारण कण जितके बारीक तितका एकूण पृष्ठभाग मोठा. बर्मिंगहॅममध्ये जिवाणूंवर घडवलेल्या पॅलेडियमच्या कणांनी तर विषारी क्रोमियमचं कमी घातक रूपात रूपांतर केलं. शेतकऱ्याच्या वैरीण बुरशीकडे कण घडवण्याचं कसब असावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. एकसारख्या आकाराचे कण मिळवणं मात्र अजून अवघडच आहे.