चेन्नईतल्या गल्लीत लपलेला आर्मेनिया

चेन्नईला गेलात की मरीना बीच, कपालीश्वर मंदिर आणि टी. नगरची साडीखरेदी हे ठरलेलंच असतं. पण या वेळी एक सकाळ जॉर्ज टाउनसाठी राखून ठेवा. हायकोर्टाजवळच्या या गजबजलेल्या भागात एक रस्ता आहे, आर्मेनियन स्ट्रीट. तमिळमध्ये त्याला म्हणतात 'अरण्मनैक्कारन तेरू', म्हणजे राजवाडेवाल्याची गल्ली. गंमत म्हणजे इथे राजवाडा नाहीच! 'आर्मेनियन' हा परका शब्द लोकांच्या तोंडी बसता बसता 'अरण्मनै' झाला.

याच रस्त्यावर आर्मेनियन चर्च आहे. बाहेर हॉर्न, हातगाड्या, गर्दी. दारातून आत पाऊल टाकलंत की चाफ्याची झाडं आणि शांतता. अंगणातल्या फरसबंदीकडे नीट बघा. त्या नुसत्या फरशा नाहीत, कबरी आहेत. सुमारे ३५० आर्मेनियन माणसं इथे विसावली आहेत.

इतक्या लांबून कोण आलं?

आर्मेनिया हा कॉकेशस पर्वतरांगांमधला छोटासा देश. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्माला राजधर्म मानणारा हा जगातला पहिला देश समजला जातो. तिथल्या खेड्यापाड्यांत आजही मध्ययुगातले कोरीव दगडी क्रूस उभे दिसतात. त्यांना 'खाचकार' म्हणतात. सेवान सरोवराजवळच्या नोरातुस या शेतकरी गावाच्या दफनभूमीत तर असे शेकडो खाचकार आहेत.

मग ही माणसं मद्रासला कशी पोहोचली? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या शाह अब्बासने जुल्फा शहरातल्या आर्मेनियन लोकांना उठवून इस्फहानजवळ वसवलं. त्या 'नव्या जुल्फा'तले व्यापारी पुढे सुरत, कोलकाता, मद्रासपर्यंत पसरले. त्यांनी नुसता पैसा कमावला नाही. खोजा पेत्रुस उस्कान या व्यापाऱ्याने १७२६ मध्ये सैदापेट इथे अड्यार नदीवर स्वखर्चाने पूल बांधला. सेंट थॉमस माउंटच्या पायऱ्याही त्याच्याच दानातून झाल्या.

जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ चं, हे आपण शाळेत शिकलो. आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक 'अझ्दारार' त्याच्याही आधी, १७९४ मध्ये निघालं. तेही आर्मेनियात नाही, तर मद्रासमध्ये! ते काढणारे धर्मगुरू हारुत्युन श्माव्होन्यान यांची कबर याच अंगणात आहे. अंक निघाले अवघे १८. पण मायदेशापासून हजारो मैल दूर असलेल्या मूठभर लोकांना आपल्या भाषेत बातमी वाचावीशी वाटली, हे केवढं मोठं!

सहा घंटा

हे चर्च मूळ १७१२ चं, आजची इमारत १७७२ ची. घंटाघरात सहा मोठ्या घंटा आहेत. दोन थेट लंडनहून आलेल्या, तर एकीवर चक्क तमिळ अक्षरं! दर रविवारी सकाळी त्या वाजवायची पद्धत आहे. पण घंटा ऐकून प्रार्थनेला येणारं कुणी नसतं. शहरात आर्मेनियन समाज जवळजवळ उरलेलाच नाही. चर्चची देखभाल कोलकात्याच्या आर्मेनियन समाजाकडून होते.

आणि आपण?

त्याच तमिळ मुलखात तंजावरची मराठी कुटुंबं साडेतीनशे वर्षांनंतरही घरात मराठी बोलतात. त्यांची मराठी आपल्या कानाला वेगळी लागेल, पण ती जिवंत आहे, कारण ती रोज बोलली जाते. आर्मेनियन कबरींवरची अक्षरं मात्र वाचणारं आज त्या गल्लीत कुणी भेटत नाही.

जरा आठवा, आपल्याही घरी एखाद्या ट्रंकेत पणजोबांचे मोडीतले कागद असतील. ते वाचता येणारं घरात कोण आहे? आजी-आजोबांना एकदा विचारून बघा.

आणि हो, चर्चमध्ये जाल तेव्हा शक्यतो सकाळी जा. मुलांना सोबत न्या, आणि चालताना कबरींवर पाय पडणार नाही एवढं मात्र सांभाळा.