गिझरचा कटआउट ‘डायरेक्ट’ करू नका

थंडी पडली की इलेक्ट्रिशियनकडे ठरलेली तक्रार येते: गिझरचा दिवा लागतो, पण पाणी गार. उत्तरही बऱ्याचदा ठरलेलं असतं. ‘‘कटआउट गेलाय, डायरेक्ट करून देतो.’’ दहा मिनिटांत पाणी कढत होतं, गिऱ्हाईक खूश. खरा बिघाड मात्र आत तसाच राहतो.

साठवणीच्या गिझरमध्ये रोजचं काम थर्मोस्टॅटचं. पाणी ठरल्याइतकं तापलं की तो कॉइल बंद करतो, निवलं की पुन्हा चालू. या चालू-बंदमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांनी त्याचे कॉन्टॅक्ट जळतात आणि एखादे दिवशी चिकटून बसतात. मग कॉइल तापतच राहते. पाणी उकळायच्या आत वीज तोडतो तो कटआउट. एकदा पडला की बहुतेक गिझरमध्ये तो आपणहून पूर्ववत होत नाही, आतलं बटण दाबावं लागतं. कोणीतरी उघडून कारण पाहावं, यासाठीच ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. बटण दाबल्यावर तो पुन्हा पडला, तर आधी संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. कटआउट ‘डायरेक्ट’ करून वगळला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी जाम झालेला असला, तर टाकी फुटू शकते.

कॉइलची परीक्षा सोपी आहे. 230 व्होल्टवर 2000 वॅटची कॉइल म्हणजे सुमारे 26 ओहम. मेन बंद करून, कॉइलच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला आणि काहीच जोड दाखवला नाही, तर कॉइल तुटली. हीच कॉइल जवळजवळ 9 अँपिअर ओढते, म्हणून तिला 16 अँपिअरचा पॉइंट लागतो. प्लगची पिन काळवंडली असेल तर गिझर खोलण्याआधी सॉकेट बघा. तिथे टेस्टर पेटला म्हणून निर्धास्त होऊ नका. टेस्टर फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी तो पेटतोच.

बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा जाड थर बसतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉइलचं आवरण तडकतं. मग वीज पाण्यात आणि पत्र्याच्या टाकीत झिरपते. अशी गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो तो यामुळे. गंमत अशी, की गिझरचं बटण बंद असतानाही तो पडू शकतो. साधं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल कॉइलला जोडलेलीच राहते आणि घरातल्या इतर उपकरणांचा थोडा प्रवाह तिच्यातून अर्थिंगकडे वळतो. त्यामुळे शोध घेताना प्लगच काढा. प्लग काढल्यावर आरसीसीबी टिकला, तर बिघाड गिझरमध्येच आहे.

नळाला मुंग्या आल्यासारखा झटका जाणवला तर एवढीही तपासणी घरी करू नका. मेन पाडा, जाणकार माणूस बोलवा आणि त्याला आधी अर्थिंग तपासायला सांगा.