पोर्ट वाइन : जुनी तितकी चांगली?

मंचरहून घोडेगाव, डिंभे मागे टाकून भीमाशंकरकडे जाताना तळेघर लागते. पावसाच्या या पट्ट्यात भात पिकतो. नवा तांदूळ चिकट शिजतो आणि मुरलेला मोकळा होतो, हे इथल्या घराघरांत ठाऊक असते. मात्र तोच तांदूळ फार वर्षे ठेवला तर त्याचा सुवास जातो. मुरण्यालाही मर्यादा असते.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगाव परिसरात १९८० च्या दशकापासून द्राक्षांची वाइन तयार होऊ लागली आणि वाइनच्या वयाविषयीचे कुतूहल शहरी घरांतही आले. गोव्याहून आणलेली पोर्टची बाटली 'जुनी होऊ दे' म्हणून कपाटात जपणारे अनेक आहेत. हा समज कितपत खरा आहे?

पोर्ट ही मूळची पोर्तुगालची. दोरो नदीच्या खोऱ्यातील तिच्या द्राक्षक्षेत्राची सीमा १७५६ मध्ये आखली गेली. द्राक्षरस अर्धवट आंबला असताना त्यात सुमारे ७७ टक्के तीव्रतेचा द्राक्षांचाच मद्यार्क मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण साधारण १९ ते २२ टक्के होते. साखर, मद्यार्क आणि सालीतील तुरट द्रव्ये या तिघांच्या बळावर ही वाइन दीर्घकाळ टिकते.

पुढील प्रवासाच्या दोन वाटा आहेत. 'व्हिंटेज' पोर्ट केवळ उत्तम हंगामात, एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून करतात. ती सुमारे दोन वर्षांतच बाटलीत भरली जाते आणि पुढे बाटलीतच मुरते. तुरट द्रव्ये व रंगद्रव्ये एकत्र येऊन तळाशी गाळ बसतो, गडद जांभळा रंग विटकरी होतो आणि चव मवाळ होते. 'टॉनी' पोर्ट मात्र लाकडी पिपात मुरते. तिथे हवेचा संथ संपर्क होत राहतो, काही भाग उडून जातो आणि सुक्या मेव्यासारखी चव येते. तिच्यावरील १०, २० किंवा ४० हा आकडा मिश्रणाच्या वयाचा निदर्शक असतो, एखाद्या हंगामाचा नव्हे. बाटलीत भरल्यावर ती फारशी सुधारत नाही.

व्हिंटेजमध्येही सर्व वर्षे सारखी नसतात. १९६३ ची पोर्ट भरदार होती आणि कित्येक दशके टिकली. १९७५ ची तुलनेने हलकी निघाली आणि लवकर तयार होऊन लवकर उतरणीला लागली. म्हणजे बारा वर्षांनी मोठी असलेली बाटली धाकटीपेक्षा अधिक टवटवीत राहिली. २०११ ची तुरट द्रव्यांनी समृद्ध असल्याने अजूनही तरुण मानली जाते. थोडक्यात, बाटलीचे वय मोजून भागत नाही. त्या वर्षीच्या द्राक्षांत मुळात किती सत्त्व होते, हे महत्त्वाचे.

आता आपल्या कपाटाकडे वळू. गोव्यात 'पोर्ट' नावाने मिळणारी गोड तांबडी वाइन बहुतांशी लगेच पिण्यासाठीच केलेली असते. तिच्यावर हंगामाचे वर्ष सहसा नसते. अशी बाटली दहा वर्षे ठेवल्याने तिची व्हिंटेज पोर्ट होत नाही. उलट रंग मळतो, फळांचा स्वाद ओसरतो आणि उरतो तो केवळ गोडवा. त्यातच आपल्याकडील एप्रिल-मेचा उन्हाळा! मुरण्यासाठी साधारण १२ ते १५ अंशांचे स्थिर तापमान, अंधार आणि बूच ओले राहावे म्हणून आडवी ठेवलेली बाटली लागते. स्वयंपाकघरातील फडताळात यातले काहीच नसते.

म्हणून बाटली ठेवण्यापूर्वी तिच्यावरील मजकूर वाचावा. 'व्हिंटेज' हा शब्द आणि वर्ष असेल तर थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. उघडताना गाळ तळाशी राहील अशा बेताने ओतावी आणि एक-दोन दिवसांत संपवावी. 'टॉनी' उघडल्यावरही काही आठवडे चांगली राहते. यांपैकी काहीच लिहिलेले नसेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. ती बाटली आज जशी आहे, त्याहून चांगली उद्या होणार नाही.